डोमेन कुणाच्या नावावर?

वेबसाइट करून देण्याच्या धंद्यात डिझाइनवरून झालेलं भांडण मी फार थोडं बघितलंय. रंग आवडला नाही, अक्षर लहान वाटलं, लोगो डावीकडे हवा होता, हे तासाभरात मिटतं. न मिटणारी भांडणं वेगळी असतात. डोमेन कुणाच्या नावावर, मजकूर कुणी द्यायचा, पुढच्या वर्षीचे पैसे कुणी भरायचे? सुरुवातीला या गोष्टी कुणी काढतच नाही, कारण समोरचा माणूस ओळखीचा असतो.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरला राहून हे काम करतो. उद्यमबाग आणि मच्छेतले छोटे कारखानदार, शहापूर-वडगावातले साड्यांचे व्यापारी, खडेबाजारातले दुकानदार, निपाणीकडचे काहीजण आणि चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचे काही, असे माझे क्लायंट. बीसीए किंवा इंजिनिअरिंग करून घरातूनच हा धंदा सुरू करू पाहणारी मुलं-मुली आता आमच्याकडे गावोगाव आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

एका मशीन शॉपचे मालक, साठीच्या पुढचे, माल पुण्याला आणि बेंगळुरूला जाणारा. त्यांची साइट पूर्वी दुसऱ्या कुणी केली होती. मला म्हणाले, ‘बाळा, आमचं मेल बंद पडलंय बघ की. पुण्याची पार्टी म्हणते, इन्क्वायरी पाठवून आठवडा झाला, तुमचं उत्तरच नाही.’ डोमेनची नोंद बघितली, तर मुदत संपलेली. जुनी बिलं काढल्यावर कळलं की खातं साइट करणाऱ्या मुलाचं, मेल आयडी त्याचा, मोबाइल त्याचा. तो नोकरीला परदेशी गेला होता आणि इथला नंबर बंद होता. फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. मुदत संपत आल्याची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर येत राहिली आणि ती कुणी वाचली नाहीत.

.कॉम डोमेनची मुदत संपली की साइट आणि मेल दोन्ही थोड्याच दिवसांत थांबतात. त्यानंतर बहुतेक कंपन्या नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात; ही सवलत जास्तीत जास्त 45 दिवसांची. मग 30 दिवस असे येतात की नाव सोडवून घेता येतं, पण त्याला जबर रक्कम मोजावी लागते. शेवटचे 5 दिवस नाव कुणालाच मिळत नाही आणि त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. खातं आपलं नसेल तर हे सगळे दिवस नुसतं बघत बसावं लागतं. इथेही तेच झालं. नाव दुसऱ्याच कुणी घेतलं, मालकांना .इनमध्ये नवं डोमेन घ्यावं लागलं. जुना पत्ता बिलबुकांवर होता, पॅकिंगच्या खोक्यांवर होता आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागातल्या नोंदींत होता. तो एकेका ठिकाणी बदलून घेताना माणूस पार थकून गेला.

आपल्याकडे शेत घेताना उतारा कुणाच्या नावावर आहे हे शाळेची पायरी न चढलेला माणूसही आधी विचारतो. डोमेनचा उतारा मात्र कुणी बघत नाही. म्हणून डोमेन क्लायंटच्याच नावावर, त्याच्या मेलवर, त्याच्या मोबाइलवर आणि त्याच्याच पैशाने घ्यायचं. शेजारी बसून घेऊन द्या, पण खातं त्याचं. नोंदणीसाठी त्याच डोमेनवरचा मेल आयडी देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, मग सूचना पोहोचणार कुठे? साधा जीमेलचा द्या. शक्य असेल तर तीन-पाच वर्षांचे पैसे एकदम भरून घ्या; .कॉम आणि .इन दोन्ही 10 वर्षांपर्यंत घेता येतात. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त असतो आणि पुढचा चढा. तो चढा दर आपण पहिल्याच दिवशी सांगायचा.

‘गूगलवर फुकट होतंय की, मग पैसे कशाला घालवायचे?’ असंही दुकानदार विचारतात. गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. काही महिने तो पत्ता उघडणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, जूनमध्ये तेही थांबलं. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता त्यांची कार्डं वाया गेली. प्रोफाइल ठेवावंच, नकाशावर दुकान दिसणं फार गरजेचं आहे. पण तिथेही मालक म्हणून दुकानदाराचं खातं आणि आपण फक्त मॅनेजर.

पैशाचं बोलायला आपली जीभ जड होते. समोरचा वडिलांचा मित्र असतो, नाहीतर पाव्हण्यांपैकी. ‘करून टाक की रे, पैसे काय पळून जात्यात?’ हे तो मनापासून म्हणतो, आणि पैसे खरंच पळून जाणार नसतात. फक्त ‘साइट झाली की देतो’ असं ठरतं आणि साइट होतच नाही, कारण मजकूर येत नाही. गणपती झाले की फोटो काढू, मग दसरा, मग दिवाळीचा सीझन, मग सुगी. आपलं काम जवळजवळ संपलेलं असतं आणि हातात काही पडलेलं नसतं. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या मुलांनी हा धंदा सोडला तो यामुळेच, काम येत नव्हतं म्हणून नाही.

यात क्लायंट आळशी असतो असं मी मानत नाही. सकाळी शटर उघडून रात्री नऊला बंद करणाऱ्या माणसाला ‘आमच्याविषयी दोन पानं लिहून द्या’ सांगितलं तर तो लिहिणार कधी? त्याने आयुष्यात असलं काही लिहिलेलं नसतं. मी मजकूर मागत नाही. दुकानात जाऊन बसतो, विचारून मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करतो. दुकान कधी सुरू झालं, आधी काय विकत होता, कुठून गिऱ्हाईक येतं, फोनवर लोक सगळ्यात जास्त काय विचारतात. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पानावर सर्वांत वर जातं. घरी येऊन मीच लिहितो, वाचून दाखवतो, आणि या लिखाणाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवतो. ते द्यायला आजवर कुणी कुरकुर केलेली नाही, कारण डोक्यावरचं ओझं उतरलेलं असतं.

पैशाची बोली अशी करा: निम्मे काम धरताना, पाव हिस्सा पहिला आराखडा दाखवल्यावर, आणि उरलेले ठरलेल्या तारखेला, मग साइट चालू झालेली असो वा मजकुरासाठी अडलेली असो. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, पुढच्या फेरीला किती ते लिहिलेलं. एक पान पुरतं, मराठीत लिहिलं तरी चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार मेलवर झालेला करारही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरत नाही. त्या पानावर आणखी एक वाक्य घाला: पूर्ण पैसे मिळाल्यावर साइटचे हक्क क्लायंटचे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. गूगलवरून उचललेला फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा असतो तोही याच कायद्याने, आणि नोटीस येते ती दुकानदाराच्या पत्त्यावर. त्यापेक्षा सकाळच्या उजेडात मोबाइलने काढलेला दुकानाचा खरा फोटो कितीतरी बरा.

कागद केला म्हणजे विश्वास नाही, असं वडीलधाऱ्यांना वाटतं. मी त्यांना शांतपणे सांगतो, ‘काका, उद्या मला काही झालं तर तुमच्याकडे काय राहील? हा कागद तुमच्यासाठी आहे.’ हे पटतं. माझ्यासाठीही तो तितकाच असतो, तेही सांगतो.

कारखान्याच्या साइटवर काय घालायचं यावर जरा थांबायला हवं, कारण इथे मुलं सगळी ताकद फिरत्या चित्रांवर घालवतात. फौंड्रीची साइट उघडणारा माणूस म्हणजे दुसऱ्या कंपनीचा खरेदी अधिकारी. त्याला जाणून घ्यायचं असतं की कास्टिंग किती किलोपर्यंत होतं, ग्रे आयर्न की एस. जी. आयर्न, वितळवण्याची क्षमता किती, तपासणीची सोय जागेवर आहे का, आयएसओ प्रमाणपत्र चालू आहे का. मशीन शॉप असेल तर मशीन लिस्ट: कुठलं सीएनसी, कुठलं व्हीएमसी, टेबल केवढं, अचूकता किती. ही यादी एका पानाच्या पीडीएफमध्ये उतरवून घेता आली पाहिजे, कारण तो ती आपल्या वरिष्ठाला पुढे पाठवतो. मालकांकडून ही यादी काढताना शॉप फ्लोअरवर फिरा. ऑफिसात बसून सांगितलेल्या यादीत निम्म्या मशीन राहून जातात.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. साडीचा व्यापारी घरी मराठी बोलतो, त्याची गिऱ्हाइकं गोकाक-बैलहोंगलची कन्नड बोलणारी, आणि दूरचा खरेदीदार इंग्रजी वाचणारा. तिन्ही भाषा हव्यात असं मला मनापासून वाटतं, पण कन्नड मजकूर कन्नड माणसाकडूनच लिहून घ्या. यंत्राने भाषांतर केलेलं कन्नड टाकून गिऱ्हाइकाचा अपमान करू नका. मराठीतही तेच. डीटीपीवाल्याकडून येणारी पत्रकं बहुधा श्रीलिपीत असतात, ती युनिकोडमध्ये बदलल्यावर एकेक ओळ वाचून घ्या. जोडाक्षरं हमखास बिघडतात. फॉन्ट निवडताना आमच्या गावाचं नाव टाकून बघा, बरेच फॉन्ट ‘ळ्ळ’वर मोडतात. ‘एक टाइप’चे मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, आणि बलूचा कन्नड जोडीदारही आहे. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगाव शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. पत्त्यात नसलं तरी मजकुरात दोन्ही यायला हवीत.

येळ्ळूरचा बासमती ऑनलाइन विकून द्या म्हणणारेही येतात. त्यांना आधी विचारा: पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आहे का, पाच किलोचं पार्सल पाठवायचा खर्च कोण सोसणार, माल परत आला तर काय? पेमेंट गेटवेवाले खातं चालू करण्याआधी परताव्याचे नियम, गोपनीयता आणि संपर्काचं पान साइटवर आहे का ते बघतात. ही उत्तरं नसतील तर आधी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणारी साधी साइट करा.

वर्डप्रेसवर काम करत असाल तर चोरीच्या थीमला हात लावू नका. पैसे वाचले असं वाटतं आणि सहा महिन्यांनी गूगलवर कारखान्याच्या नावाखाली जपानी अक्षरांत भलत्याच वस्तूंच्या जाहिराती दिसू लागतात. अशी साइट धुऊन काढणं नवी करण्यापेक्षा अवघड जातं. अपडेट आणि बॅकअप ही वर्षभराची मजुरी आहे, तिचा वार्षिक करार वेगळा करा. करार नको म्हणणाऱ्याकडून तसं लिहून घ्या.

करांची गोष्ट सीमेवर राहणाऱ्यांना जास्त लागू आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि सेवांच्या बाबतीत ही सूट दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही चालते. म्हणजे सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीचं काम धरलं म्हणून लगेच नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका. नोंदणी झाली की मात्र निपाणीच्या बिलाला 9 टक्के केंद्राचे आणि 9 टक्के राज्याचे, आणि त्याहून कितीतरी जवळ असलेल्या शिनोळीच्या बिलाला 18 टक्के आयजीएसटी.

आणि उद्यम नोंदणी काम धरण्याआधी करून ठेवा. ती फुकट आहे, सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. पैसे मागणाऱ्या एजंटची गरज नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी ती वेळ येऊ देत नाही. त्याऐवजी फेब्रुवारीत क्लायंटच्या सीएंना नम्र मेल जातो, बिलाची प्रत आणि उद्यम प्रमाणपत्र जोडून. 1 एप्रिल 2024 पासून अशी मुदत उलटलेली रक्कम मार्चअखेर थकलेली असेल तर ती देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. हे सीएंना माहीत असतं, आणि मालकांशी बोलायचं काम ते करतात.

प्रत्येक काम संपताना एक जाड पुठ्ठ्याची फाइल देतो. डोमेन कुठे घेतलंय, होस्टिंग कुठे, मुदत कधी संपते, बॅकअप कुठे आहे, गूगल प्रोफाइल कुठल्या मेलवर. ती देताना पुढे धंदा बघणारा मुलगा, मुलगी किंवा सून यांना शेजारी बसवतो, माझ्यासमोर लॉगिन करायला लावतो आणि पासवर्ड त्यांना बदलायला सांगतो. माझ्यासाठी वेगळं खातं उघडून घेतो. सगळं असं हातात दिलं तर क्लायंट दुसरीकडे जाईल, अशी भीती धंद्यातले मित्र घालतात. काही गेलेही. त्यांनी ठेवलेल्या नव्या मुलांना बॅकअप कसा काढायचा ते मी फोनवर सांगितलं. गेलेल्यांपैकी एकांनी नंतर मच्छेतल्या आपल्या मेहुण्यांचं काम माझ्याकडे पाठवलं, आणि ते मेहुणे पहिल्याच भेटीत विचारते झाले, डोमेन माझ्याच नावावर येणार ना?