परदेशची नोकरी आणि माणसांची विक्री

माणसांची खरेदी-विक्री ही जुन्या काळची गोष्ट, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु आता ती फोनवरून चालते, आणि तीत सापडणाऱ्यांत शिकलेले, संगणक जाणणारे तरुणही आहेत. लोधीखेड्याची मुले बोरगावच्या कारखान्यांत किंवा नागपुरास काम शोधतात. हल्ली हा शोध फोनवरच होतो. म्हणून हा विषय आपल्या घरचाच समजावा.

प्रकार असा घडतो. टेलिग्राम किंवा फेसबुकवर ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीचे काम’ अशी जाहिरात येते. मुलाखत फोनवर, तिकीटही फोनवर. बँकॉकला उतरलेल्या मुलास मोटारीने सीमेवरील माए सोत गावी नेतात आणि मोएई नदीपलीकडे म्यानमारातील म्यावड्डी भागात पोहोचवितात. तेथे पासपोर्ट काढून घेऊन, खोट्या नावाने परक्यांस फसविण्याचे काम बळजबरीने करवून घेतात. नकार दिला की मारहाण, सुटका हवी तर खंडणी. १० मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानाने अशा २८३ भारतीयांना परत आणले. एप्रिलात महाराष्ट्र सायबर विभागाने ६० हून अधिक भारतीयांची सुटका केली.

थायलंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या भागाची वीज व इंटरनेट तोडले होते. पण टोळ्यांनी छपरांवर उपग्रहाच्या तबकड्या बसविल्या! पुढे ऑक्टोबरात स्पेसएक्स कंपनीने तेथील २,५०० हून अधिक तबकड्या बंद पाडल्या. यंत्राला बाजू नसते, ते ज्याच्या हाती त्याचे.

आपल्या हातीही एक साधन आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत दलालांची यादी पाहता येते. नाव नसेल तर तिकीट स्वीकारू नये. ‘आधी पर्यटक म्हणून या, परवाना मागाहून काढू’ असे कोणी म्हटले, तर तेथेच थांबावे.

एक गोष्ट मात्र घरोघर ठाऊक हवी. ‘मुलगा आपल्या मर्जीने गेला, आता तक्रार कशी करावी?’ असे म्हणून आईबाप गप्प बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे फसवून नेलेल्याची संमती विचारात घेतली जात नाही. गुन्हा गुन्हाच राहतो. म्हणून जाहिरात, तिकीट, संदेश यांतले काहीही पुसू नये. तेच घेऊन पोलिसांकडे जावे व परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.