अपूर्णांकाचा संक्षेप : रूप लहान, किंमत तीच

अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणे हा पाठ वरकरणी सोपा वाटतो. परंतु तो शिकविताना आमच्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका विद्यार्थ्याने १६/६४ मधील दोन्ही ६ खोडून १/४ असे उत्तर लिहिले. उत्तर बरोबर होते. आम्ही पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच रीतीने १३/३९ मधील ३ खोडून १/९ लिहिले. खरे उत्तर १/३ आहे. दोष त्याचा नव्हता. उत्तर पाहून रीत न तपासणाऱ्या आमचा होता. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी वही पाहणारे कोणी नसते. वर्गात राहून गेलेली चूक त्यांच्यासोबत पुढे जाते.

नियम असा : अंश व छेद यांना शून्याखेरीज एकाच संख्येने भागले असता अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. १६ व ६४ या दोहोंना १६ ने भाग जातो, म्हणून १/४. अंक खोडणे म्हणजे भागणे नव्हे.

पूर्वी रुपयाचे ६४ पैसे होत. त्यांतील १६ पैसे म्हणजे चार आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, तरी लोक २५ पैशांना चार आणेच म्हणत राहिले. अंश बदलला, छेद बदलला; किंमत पावच राहिली. १६/६४ आणि २५/१०० समान आहेत, हे संक्षेप केल्यावर लगेच दिसते.

आता ९१/११९ घेऊ. सामाईक विभाजक चटकन दिसत नाही. अशा वेळी परस्पर भागाकाराची रीत उपयोगी पडते. ती युक्लिडच्या ग्रंथात आहे, तशी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) आहे. ११९ ला ९१ ने भागल्यास बाकी २८; ९१ ला २८ ने भागल्यास बाकी ७; २८ ला ७ ने भागल्यास बाकी शून्य. शेवटचा भाजक ७ हाच मसावि. दोहोंना ७ ने भागून १३/१७ हे अतिसंक्षिप्त रूप मिळते.

ताळा पाहू : ९१ × १७ = १५४७ आणि ११९ × १३ = १५४७. गुणाकार समान, म्हणून अपूर्णांक समान.

त्या दिवसापासून गुण देण्यापूर्वी आम्ही विचारतो, “हे कसे आले?” विद्यार्थी मित्रांनो, १४३/१८७ चा संक्षेप स्वतः करून पाहा. उत्तर ओळखीचे निघेल. तरीही ताळा घ्या.