थकलेले भाडे आणि मुदतीची सवड

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार हाती यावा आणि त्यातून प्रथम घरभाडे बाजूला काढावे, हा शहरात राहणाऱ्या असंख्य कुटुंबांचा नित्यक्रम होय. नोकरी सुटली, कारखाना बंद पडला अथवा घरातील कर्ता माणूस आजारी पडला की हा क्रम मोडतो. अशा वेळी अडचणीत एक नव्हे, तर दोन घरे सापडतात. भाडेकरूपुढे निवाऱ्याचा प्रश्न उभा राहतो, तर घरमालकापुढे उत्पन्नाचा. घरमालक म्हणजे श्रीमंत असामीच असते, असे मानण्याचे कारण नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून एखादी सदनिका घेऊन तिच्या भाड्यावर म्हातारपण काढणारे निवृत्त कर्मचारी आणि त्याच भाड्यातून बँकेचा हप्ता भरणारे नोकरदार आपल्या अवतीभोवती पुष्कळ आढळतात.

म्हणूनच भाडे थकल्यावर घरमालकाने कसे वागावे, हा प्रश्न केवळ दयेचा नाही आणि केवळ कायद्याचाही नाही. तो मुख्यतः व्यवहारबुद्धीचा आहे. भाडे देऊ न इच्छिणारा आणि भाडे देऊ न शकणारा, हे दोन भाडेकरू एक नव्हेत. पहिल्यासाठी कायद्याचा मार्ग आहे. दुसऱ्याला सवड द्यावी; मात्र ती लेखी असावी आणि मुदतीची असावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नया नगरचा अनुभव

ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेली नया नगर ही वसाहत या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. सय्यद नजर हुसेन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. मुंबईत जागा न परवडणारी कुटुंबे येथे आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षित निवारा शोधणाऱ्या अनेक कुटुंबांची त्यांत भर पडली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर नगरपरिषदेचे २००२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. या वाढत्या शहरातील फार मोठा वर्ग रोज लोकलगाडीने मुंबईत जाऊन पोट भरणारा आहे. त्यामुळे तेथील घरभाड्याचा संबंध थेट रेल्वेच्या रुळांशी जोडलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२३ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. ठराविक वेळांत सर्व प्रवाशांना गाडीत प्रवेश मिळण्यास १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात रोजंदारीवर काम करणारे, दुकानांतून नोकरी करणारे आणि लहान व्यवसाय करणारे यांच्या मिळकतीवर कोणता आघात झाला असेल, हे सांगावयास नको. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि या काळात भाडे न दिल्याच्या कारणावरून कोणासही घराबाहेर काढू नये.

या सूचनेतील शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. भाडे पुढे ढकलावे, असे शासनाने सांगितले. ते माफ झाले, असे म्हटले नाही. ऋण कायम राहावे, पण ते फेडण्यास वेळ मिळावा, हे त्यामागील तत्त्व होय. हे तत्त्व नवे नाही. अडचणीतील ऋणकोस सुस्थिती येईपर्यंत सवड द्यावी आणि जमल्यास ऋण सोडून द्यावे, हे अधिक चांगले, असा उपदेश कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नया नगरातील बहुसंख्य रहिवाशांना तो परिचित आहे. आपल्या खेड्यांतूनही दुष्काळाच्या साली सुगीपर्यंत थांबणाऱ्या धनकोची वाखाणणीच होत आली आहे.

कायद्याची बैठक

१९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा जाऊन त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जो भाडेकरू प्रमाणित भाडे व अनुज्ञेय वाढ देण्यास तयार व राजी आहे आणि कराराच्या अटी पाळतो आहे, त्याच्याकडून सामान्यतः ताबा घेता येत नाही, असे या अधिनियमाचे कलम १५ सांगते. भाडे थकल्यास घरमालकाने प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावयाची असते आणि नोटिशीनंतर ९० दिवस उलटल्याखेरीज त्या कारणावरून दावा दाखल करता येत नाही. दाव्याचे समन्स बजावले गेल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढेही भाडे नियमित भरत राहिला, तर त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूम होत नाही. थोडक्यात, सवड देण्याचे तत्त्व खुद्द कायद्यानेच स्वीकारले आहे.

मात्र मीरा रोडसारख्या वस्तीत आज बहुतेक सदनिका ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर, बहुधा अकरा महिन्यांसाठी, दिल्या जातात. अशा करारात राहणारा हा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला कलम २४ लागू होते. मुदत संपल्यावरही त्याने जागा सोडली नाही, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि नुकसानभरपाई म्हणून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने रक्कम मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परवानाधारकाने प्रतिज्ञापत्र सादर करून बचावाची परवानगी मिळवावी लागते. म्हणून आपला करार कोणत्या प्रकारचा आहे, हे दोन्ही पक्षांनी प्रथम पाहून घ्यावे.

करार कोणताही असो, तो लेखी व नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार सक्तीचे आहे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा थोडा खर्च वाचविणारा घरमालक वादाच्या वेळी किती मोठी किंमत मोजतो, हे यावरून ध्यानी येईल.

पहिल्या महिन्यातच बोलावे

अनुभव असा आहे की, भाडेकरू संकोचाने बोलत नाही आणि घरमालक अनामत रक्कम हाती आहे म्हणून स्वस्थ राहतो. समजा, महिन्याचे भाडे १२,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये आहे. चार महिने भाडे आले नाही, तर अनामतीतून अवघे २,००० रुपये उरतात. पाचव्या महिन्यात घरमालकाचे हात रिकामे आणि भाडेकरूची नव्या घरासाठीची पुंजीही संपलेली, अशी अवस्था होते. म्हणून अनामत ही स्वस्थ बसण्याची सोय नव्हे. भाड्याची तारीख उलटून आठ-दहा दिवस झाले की घरमालकाने स्वतः जाऊन विचारपूस करावी. हे बोलणे चारचौघांसमोर, जिन्यात किंवा मुलांच्या देखत करू नये. अडचण कोणती, ती किती काळ टिकेल आणि या महिन्यात किती देता येईल, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

आता वरील उदाहरणातील भाडेकरूची मिळकत निम्मी झाली आहे, पण तीन महिन्यांत नवे काम मिळण्याची शक्यता आहे, असे धरू. तो तीन महिने ७,००० रुपये देईल आणि दरमहा ५,००० रुपये थकतील, असे ठरले. थकबाकी १५,००० रुपये झाली. चौथ्या महिन्यापासून सहा महिने त्याने १२,००० रुपये भाड्यासोबत २,५०० रुपयांचा हप्ता दिला, तर नवव्या महिन्याअखेर हिशेब पुरा होतो आणि अनामतीला हात लागत नाही. याउलट घर रिकामे करवून घेतल्यास एक महिना जागा पडून राहिली तरी १२,००० रुपये बुडतात. त्यावर रंगरंगोटी, दलाली व नव्या कराराची नोंदणी हा खर्च निराळाच. शिवाय येणारा नवा माणूस कसा निघेल, हे कोण सांगणार? ओळखीच्या, घर नीट राखणाऱ्या भाडेकरूला सवड देणे हे पुष्कळदा घरमालकाच्याच फायद्याचे असते.

सवडीचा कागद

तोंडी सवड हे पुढील भांडणाचे मूळ होय. ठरलेली गोष्ट एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि प्रत्येकाने एक प्रत ठेवावी. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१. आजवरची थकबाकी, महिनावार.
२. सवडीच्या काळात दरमहा द्यावयाची रक्कम.
३. उरलेल्या रकमेचे हप्ते व त्यांच्या तारखा.
४. काही रक्कम माफ केली असल्यास तिचा स्पष्ट उल्लेख. अन्यथा ‘माफी नाही, मुदत आहे’ असे वाक्य.
५. अनामतीतून वळती करावयाची रक्कम, असल्यास.
६. हप्ता चुकल्यास काय करावयाचे, याची अट.

थकलेल्या भाड्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदतीत दिलेली थकबाकीची लेखी कबुली ही मुदत नव्याने सुरू करते. त्यामुळे हा कागद घरमालकाचेही संरक्षण करतो. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. पावती देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. मूळ कराराची मुदत सवडीच्या काळात संपत असल्यास नवा करार करून त्याची नोंदणी करावी. जुन्या करारावर दिवस ढकलू नयेत.

काय करू नये

भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे किंवा माणसे पाठवून धमकावणे हे मार्ग घरमालकाने कटाक्षाने टाळावेत. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्वाहन व स्वच्छता यांसारख्या अत्यावश्यक सेवा भाडेकरूला न मिळू देणे हा कलम २९ खाली दंडनीय अपराध आहे. कायद्याचा मार्ग सोडून ज्याला जागेतून काढले गेले, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्यासाठी दावा करता येतो. म्हणजे भाडे मागणारा फिर्यादी स्वतःच आरोपी आणि प्रतिवादी होऊन बसतो.

सवड संपल्यावर

दिलेली मुदत उलटली, हप्ते आले नाहीत आणि भाडेकरू भेटण्याचेही टाळू लागला, तर मात्र घरमालकाने भिडेस पडू नये. लेखी नोटीस द्यावी. तत्पूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करणे हिताचे ठरते. लोक अदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्य मिळू शकते. भाडेकरूंनाही ही माहिती असणे आवश्यक आहे. घर सोडणे अटळच असेल, तर महिना-दोन महिन्यांची मुदत ठरवून, अनामतीचा हिशेब समोरासमोर करून सामोपचाराने निरोप घ्यावा.

गावाची व शाळेची जबाबदारी

हा प्रश्न केवळ महानगरांचा राहिलेला नाही. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांतून कामगारांना खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे वाढत आहेत. तेथे करार बहुधा तोंडी असतो आणि वाद ग्रामपंचायतीच्या दारी येतो. सदस्यांनी निवाडा देण्याच्या भरीस न पडता दोघांना एकत्र बसवावे, हिशेब मांडावयास लावावा आणि सवडीचा कागद करवून घ्यावा. शिक्षकांचाही येथे संबंध येतो. वर्षाच्या मध्यावर घर बदलले की मुलाची शाळा सुटते. बालकांचा शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार अशा मुलास शाळा बदलण्याचा दाखला तात्काळ देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. परीक्षा होईपर्यंत थांबावे, एवढे एका शिक्षकाने घरमालकास सांगितले, तरी पुष्कळदा काम होते.

घर भाड्याने देणे हा व्यवहार आहे आणि तो व्यवहारासारखाच चोख असावा. परंतु वेळीच विचारपूस, लेखी सवड, प्रत्येक रकमेची पावती आणि मुदतीनंतर कायद्याचा मार्ग, या क्रमाने जाणारा घरमालक आपले भाडेही वसूल करतो आणि एका कुटुंबाचे छप्परही राखतो. टाळेबंदीच्या दिवसांत राज्यातील घरमालकांना जे करण्यास सुचविण्यात आले, ते एरवीही प्रत्येक घरमालकाने आपणहून करावे, यातच दोघांचे हित सामावलेले आहे.