गोंधळ मांडण्याआधी कपाटं धुंडाळ

पोरी, कॉलेजात गोंधळावर सादरीकरण द्यायचंय म्हणालीस आणि लगेच मोबाइल उघडून बसलीस. बस, माझी ना नाही. पण तिथं एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवलेला सापडेल, वर्गातली बाकीची पोरंही तोच आणतील आणि सरांना पहिल्या दोन वाक्यांतच कळेल. त्यापेक्षा ग्रंथालय गाठ. आधी कॉलेजचं, मग परतूर किंवा जालन्यातलं सार्वजनिक, आणि तरीही अडलंच तर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचं.

आत गेल्यावर ‘गोंधळ’ अशी पाटी लावलेलं कपाट शोधू नकोस, तसं नसतंच. दशांश पद्धतीनं पुस्तकं लावलेली असतील तर रंगभूमी 792 ला, लोकसाहित्य 398 ला, संगीत 780 च्या घरात आणि हिंदू धर्म-उपासना 294.5 ला. आता बघ, संबळ-तुणतुणं संगीतात, देवीच्या कथा लोकसाहित्यात, कुळाचार धर्मात आणि आख्यान रंगवण्याची कला रंगभूमीत. एकाच कपाटापाशी थांबलीस तर गोंधळाचा चौथा हिस्सा हाती लागेल. लहान वाचनालयात हे आकडे नसतात. तिथं दाखल नोंदवही मागायची आणि खुर्ची ओढून ती पानं सावकाश चाळायची.

ग्रंथपालांना ‘लोककलेवर काही आहे का’ असं मोघम विचारू नये. नाव घेऊन विचारावं. रा. चिं. ढेरे यांचं ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ माग, प्रभाकर मांडे यांचं लोकसाहित्यावरचं जे असेल ते माग. मांडे आपल्या मराठवाड्यातच राबले, त्यांना टाळून पुढं जाता येत नाही. सुरुवात मात्र मराठी विश्वकोशातली नोंद वाचून कर. तो इंटरनेटवरही फुकट आहे. महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड बहुधा घरी देत नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल बरोबर ने. टिपण काढताना पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि पान तिथल्या तिथं लिहायचं. रात्री घरी येऊन पान आठवत नाही, हे मी कितीतरी हुशार पोरांचं पाहिलंय.

आता एक गोष्ट नीट ऐक, ही कुणी सांगत नाही. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी आपला परतूर तालुका परभणीत होता आणि 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणून जुन्या गॅझेटियरमध्ये, जुन्या ग्रंथांच्या सूचीत ‘जालना’ बघून काही मिळालं नाही तरी पुस्तक मिटू नकोस. ‘परभणी’ बघ, ‘हैदराबाद’ बघ. संभाजीनगरसाठी ‘औरंगाबाद’ बघ. गोंधळमहर्षी म्हणून गाजलेले राजारामभाऊ कदमही परभणीचेच. त्यांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते पुस्तकाइतकंच मोलाचं समज.

वाचून झालं की एखाद्या गोंधळ्याला भेट. लग्नानंतर घरोघर गोंधळ घालतात, विचारपूस केलीस तर ओळख निघेल. पण हात हलवत जाऊ नकोस. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, एवढं वाचून गेलीस की माणूस मोकळा बोलतो. विचारल्याशिवाय मोबाइल समोर धरायचा नाही. दक्षिणा द्यायची. पुस्तकात एक आणि त्यांच्या तोंडी दुसरं असं निघालं, तर कुणाचं खरं याचा निवाडा तू करू नकोस. दोन्ही सांग, सादरीकरणाला खरी चव तिथंच येते.

उभी राहिलीस की पडद्यावरचं वाचून दाखवू नकोस, ते सगळ्यांना दिसतं. संबळाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजव, मग त्याच्या दोन लहान-मोठ्या तोंडांतलं कुठलं काय बोलतं ते सांग. दिवटीचा एक चांगला फोटो पुरे. प्रत्येक उताऱ्याखाली पुस्तकाचं नाव ठेव.

आणि उद्याच जा. परीक्षा जवळ आली की हीच चार पुस्तकं बाहेर गेलेली असतात. ओळखपत्र घे, सुट्टीचा वार आधी विचारून ठेव, आणि काम झालं की पुस्तक मुदतीत परत कर.