आजीची लुगडी आणि दमट हवा

प्रश्न : आजी गेली. नागावच्या घरात तिची सुती नऊवारी लुगडी, चिनीमातीच्या बरण्या आहेत. टाकवत नाही, नवे कपाट परवडत नाही. काय करू?

उत्तर : कपाट घेऊच नका. नागावसारख्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कोंडलेल्या कापडाला बुरशी लागते. एका लुगड्यात सुमारे आठ मीटर कापड असते. विरलेल्यांचे थर लावून गोधडी शिवा. एक धडके लुगडे मात्र अखंड ठेवा. खळ पूर्ण धुऊन काढा, कारण कसर खळीवर येते. पूर्ण वाळवून जुन्या सुती पंच्यात गुंडाळा. पावसाळा सरला की घडी बदला, नाहीतर कापड घडीवर फाटते. तडा न गेलेल्या बरण्यांत मीठ, आमसुले भरा. आजीने काटकसरीने जपलेले रोज हाताळणे मला तिच्या फोटोला हार घालण्याहून मोलाचे वाटते. पहिली गोधडी घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या आणि आजी कशी होती, ते त्याला सांगा.