खदानीची यंत्रे घेताना : आधी क्रशर, मग पोकलेन, शेवटी टिप्पर

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत काळ्या दगडाला तोटा नाही, आणि गेल्या तीस-बत्तीस वर्षांत खडीच्या मागणीलाही तोटा राहिलेला नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावेच्या गावे नव्या जागी बांधावी लागली. पुढे तुळजापूर, अहमदपूर, नांदेड, यवतमाळ असा बुटीबोरीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ रुंद झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग हाती घेण्यात आला. या प्रत्येक कामाला लागणारा दगड कुठल्या तरी खदानीतून निघतो आणि कुणाच्या तरी टिप्परमधून जातो.

आपल्या समाजातील अनेक घरे या धंद्याशी जोडलेली आहेत. कुणी ड्रायव्हर आहे, कुणी फिटर, कुणाचे पाटे-कमानीचे दुकान आहे, कुणाचे टायरचे. चार पैसे जमले की यांतील तरुणाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हायवा घेण्याचा. थोडे स्वतःचे, थोडे सासऱ्यांचे, उरलेले फायनान्सचे, आणि गाडी दारात उभी. काम मात्र नंतर शोधले जाते. हा क्रम उलटा आहे आणि घरे बुडतात ती बहुधा या उलट्या क्रमामुळे. खदानीत टिप्पर ही शेवटी ठरवावयाची वस्तू आहे. सर्वांत आधी क्रशर तासाला किती दगड खातो ते पाहावे. त्यावरून पोकलेन ठरतो आणि पोकलेनवरून टिप्पर.

प्रथम मापाविषयी. आपल्याकडे व्यवहार ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. पण गाडीला ब्रास कळत नाही, तिला टन कळतात. न फोडलेला काळा दगड घनमीटरला सुमारे २.८ टन भरतो. सुरुंगाने फोडला की तो फुगतो, मध्ये पोकळी राहते, आणि तेवढ्याच जागेत साधारण १.६ ते १.७ टनच बसतो. म्हणजे फोडलेल्या दगडाचा वा खडीचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास, डबर असेल तर त्याहून थोडा अधिक. हा आकडा ज्याला पाठ नाही त्याने टिप्परच्या भावाची चौकशी करू नये.

आता गाडी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढविली. त्यानुसार सहा टायरच्या दोन अॅक्सल गाडीचे मालासह एकूण वजन साडेअठरा टनांपर्यंत आणि दहा टायरच्या तीन अॅक्सल गाडीचे सुमारे २८ टनांपर्यंत चालते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन, दगडासाठी लावलेली जाड पत्र्याची बॉडी आणि हायड्रोलिक जॅक वजा केले तर सहा टायरवाल्या गाडीत साधारण ११ टन आणि दहा टायरवाल्या गाडीत १७ टन माल कायदेशीर उरतो. ब्रासमध्ये अनुक्रमे अडीच आणि पावणेचार. बाजारात हायव्याची खेप सर्रास पाच ब्रासची बोलली जाते. पाच ब्रास म्हणजे साडेबावीस टन, म्हणजे साडेपाच टन जादा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला मूळ दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. एकदा काट्यावर सापडले की दंडच तीस हजारांवर जातो. त्याशिवाय पाटे तुटतात, क्राऊन बसतो, चेसिसला बिजागरीजवळ तडा जातो. 'सगळेच भरतात' हे उत्तर हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही.

खदानीच्या आत, तोंडापासून क्रशरपर्यंतच दगड वाहायचा असेल तर हिशेब वेगळा होतो आणि खरी गंमत तिथेच आहे.

समजा क्रशर तासाला ८० टन दगड घेतो, म्हणजे साधारण सतरा-अठरा ब्रास. भरायला वीस टनी वर्गातला पोकलेन आहे. (पोकलेन हे मुळात पोक्लेन या फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे ते कोणत्याही कंपनीच्या यंत्राला चिकटले.) त्याची दगडाची बकेट सुमारे ०.९ घनमीटरची. ओबडधोबड दगडाने ती काठोकाठ भरत नाही, ऐंशी टक्के धरावी. मग एका बकेटमध्ये सव्वा टनाच्या आत-बाहेर माल येतो. एक बकेट भरून, फिरवून, ओतून परत येण्यास पंचवीस सेकंद लागतात असे धरू.

हायव्याला १७ टनांसाठी चौदा बकेटा लागतील, म्हणजे सहा मिनिटे. सहा टायरच्या गाडीला नऊ बकेटा, म्हणजे चार मिनिटे. तोंड ते क्रशर अंतर ६०० मीटर आहे, भरून चढताना तीन मिनिटे, रिकामे परतताना दोन, क्रशरवर वळून ओतण्यास दोन आणि पोकलेनखाली नीट लागण्यास एक मिनिट. हायव्याची एक फेरी चौदा मिनिटांची झाली, सहा टायरच्या गाडीची बारा मिनिटांची.

एका तासात साठ मिनिटे काम होत नाही. पाणी, तंबाखू, अडकलेला दगड यांत दहा मिनिटे जातातच. पन्नास मिनिटे धरावीत. एक हायवा तासाला साडेतीन फेऱ्या करून ६० टन आणतो, म्हणजे क्रशर उपाशी. दोन हायवे ११९ टन आणतात, म्हणजे क्रशरच्या हॉपरपाशी गाड्या उभ्या. आणि सहा टायरच्या दोन गाड्या? दोघींच्या मिळून तासाला आठ फेऱ्या, ८८ टन. ८० टनांच्या क्रशरला एवढेच हवे होते. चांगल्या स्थितीतल्या दोन जुन्या सहा टायरच्या गाड्या जे काम पुरे करतात, त्यासाठी दोन नव्या हायव्यांचे हप्ते अंगावर घेण्यात काय हशील? शिवाय सहा टायरच्या दोन गाड्यांमध्ये एक बिघडली तर दुसरी निम्मा तरी क्रशर चालवते. एकाच मोठ्या गाडीचा टायर फुटला की क्रशरच थांबतो.

गाड्या किती हव्यात याचे सूत्र याच हिशेबातून निघते. एका फेरीच्या एकूण वेळेला भरण्याच्या व लागण्याच्या वेळेने भागावे. हायव्यासाठी चौदा भागिले सात, म्हणजे दोन. सहा टायरच्या गाडीसाठी बारा भागिले पाच, म्हणजे दोनच्या थोडे वर. तिसरी गाडी घेतली तर ती पोकलेनसमोर रांगेत उभी राहून डिझेल जाळील. पोकलेनला थोडी उसंत मिळणे वाईट नाही, त्या वेळात तो मोठे धोंडे बाजूला काढतो, तोंड साफ करतो. अंतर वाढले की आकडा बदलतो. म्हणून खदान मागे सरकत जाईल तसा दरवर्षी हा हिशेब पुन्हा करावा लागतो. घड्याळ घेऊन अर्धा दिवस खदानीवर बसले की सर्व आकडे हाती येतात.

मोठ्या खाणींच्या पुस्तकांत असे लिहिलेले असते की चार-पाच बकेटांत गाडी भरली पाहिजे. आपल्या चौदा बकेटा त्या नियमात बसत नाहीत. पण तो नियम कुठून आला ते पाहिले पाहिजे. नांदेडहून मुदखेड, किनवट, आदिलाबादमार्गे माजरीकडे जाणारा रेल्वेमार्ग वणीच्या कोळसापट्ट्यातून जातो. तिथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. १९६४ मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची सरकारी कंपनी भारत अर्थ मूव्हर्स ३५, ६० आणि १०० टनी डंपर बनवीत आली. अशा डंपरला रस्त्यावर यायची परवानगीच नसते, त्यांची रुंदीच तशी असते. ते खाणीतच जन्म काढतात. त्यांच्याबरोबर तेवढ्याच मापाचे शॉव्हेल असते आणि त्या जोडीत बकेटांची संख्या नेमकी जुळवलेली असते. बेलारूसच्या बेलाझ कंपनीचा डंपर तर एका खेपेला ४५० टन नेतो.

परंतु त्याच कोळसा खाणींत माती काढण्याचे काम ठेकेदारांकडे आले तेव्हा त्यांनी शंभर टनी डंपर घेतले नाहीत. त्यांनी रस्त्यावरचेच टिप्पर मोठ्या संख्येने लावले. ठेका तीन-चार वर्षांचा असतो, संपल्यावर टिप्पर कुठेही विकता येतो, त्याचा सुटा भाग महामार्गावरच्या दुकानात मिळतो आणि चालविणारा ड्रायव्हरही मिळतो. मोठ्या डंपरला यांतील काहीच लागू नाही. लहान भांडवलाच्या माणसासाठी परत विकता येणे हा गुण बकेटांच्या जुळणीपेक्षा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चढ-उताराकडे वळू. आपल्या सपाट भागातील खदानी बहुधा खड्ड्याच्या आहेत. भरलेली गाडी वर चढते. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात काही ठिकाणी उलट असते, भरलेली गाडी खाली उतरते. पहिल्या प्रकारात इंजिनाची ताकद आणि मागच्या धुऱ्याचे गिअर पाहावेत, दुसऱ्यात सर्वांत आधी ब्रेक. उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचविणारा ड्रायव्हर मालकाचा मित्र नव्हे.

खाणीतील रस्त्याचा चढ सोळा फुटांना एक फूट याहून जास्त नसावा, हा खाण-नियमांतील दंडक आहे. ६० फूट खोल खदानीसाठी असा रस्ता ९६० फूट लांब होतो. लहान पट्ट्यात एवढी जागा कोण देणार? म्हणून दहाला एक असा चढ काढतात. २८ टनी गाडीला सोळाला एक चढावर पावणेदोन टन जादा ओढ लागते, दहाला एक चढावर २.८ टन. हा फरक रोज डिझेल, क्लच आणि टायर यांतून वसूल होतो. मऊ, चिखलाचा रस्ताही असाच चढासारखा ओढतो. खडीच्या ढिगावर बसलेला माणूस स्वतःच्या रस्त्यावर दोन गाड्या चुरी टाकत नाही, हे दृश्य आपल्याकडे नवीन नाही.

लोडरचे दोन शब्द. चाकांचा लोडर किंवा जेसीबी खडीच्या ढिगापाशी शोभतो. सुट्या खडीत त्याची सुमारे एक घनमीटरची बकेट झटपट भरते आणि गिऱ्हाईकाची गाडी सहा-सात बकेटांत निघते. त्यालाच सुरुंगाच्या ताज्या दगडावर घातले की धारदार कपऱ्या टायरची बाजू कापतात. तिथे चेनचा पोकलेनच हवा. जुना पोकलेन पाहताना तासांच्या मीटरवर विसंबू नये. चेन, खालचे रोलर आणि स्प्रॉकेट यांची झीज पाहावी, कारण दुरुस्तीचा मोठा खर्च तिथे असतो. बकेट जमिनीवर टेकवून बूम हलवावा, पिन-बुशचा खडखडाट कळतो. हायड्रोलिक तेलाला जळका वास आला तर तिथूनच परत फिरावे. टिप्परमध्ये चेसिसवरील नवे वेल्डिंग आणि त्यावर दिलेला ताजा रंग शोधावा. आर.सी. बुकावर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय बयाणा देऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न. व्याजाचा शरीअतमधील हुकूम वाचकांना सांगावयास नको. धंद्याच्या नजरेने पाहिले तरी हप्ता बारा महिने येतो आणि खदान बारा महिने चालत नाही. जुलै ते सप्टेंबर खड्ड्यात पाणी असते, काळ्या मातीचा रस्ता बसतो, बांधकामे मंदावतात. नऊ महिन्यांच्या कमाईतून बारा हप्ते निघत असतील तरच तो सौदा सौदा आहे. याहून बरे दोन मार्ग आहेत. एक भागीदारीचा : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि माहिती, नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला. दुसरा भाड्याचा, म्हणजे इजारा. पहिला हंगाम यंत्र भाड्याने घेऊन चालवावा. इजाऱ्यात भाडे आधी ठरलेले असले पाहिजे आणि यंत्राची मोठी मोडतोड मालकाच्या अंगावर राहते. ती भाडेकरूवर टाकणारा करार धर्माच्या आणि व्यवहाराच्या दोन्ही दृष्टींनी लंगडा आहे. तासावर भाडे ठरले तर ऑपरेटर रमतगमत चालतो. ब्रासवर ठरले तर गाड्या जादा भरल्या जातात आणि मापावरून भांडणे होतात. मला खदानीच्या आत फेरीवर आणि पोकलेनला तासावर, पण रोजच्या किमान फेऱ्या लिहून, हा प्रकार बरा वाटतो.

मापाबद्दल गिऱ्हाईकाशीही स्पष्ट असावे. बॉडीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून तिचे ब्रास गाडीवर रंगवून घ्यावेत, आणि भाव काठोकाठ मापाचा की शिगेचा हे आधी सांगावे. माप मारणाऱ्यांच्या नावानेच कुरआनात एक सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. गौण खनिजाची रॉयल्टीही ब्रासवरच आहे आणि वाहतुकीचे पास आता 'महाखनिज' या शासकीय संगणक प्रणालीतून निघतात. पासवर तीन ब्रास आणि गाडीत पाच, असे सापडल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली गाडी अडकते, आणि अडकलेल्या गाडीचाही हप्ता चालूच असतो. भाड्याच्या करारात म्हणूनच एक ओळ अवश्य घालावी : पासपेक्षा जादा माल कुणाच्या सांगण्यावरून भरला गेला, आणि तसे झाल्यास दंड व गाडी उभी राहिल्याचे दिवस कुणाच्या खाती. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी.