इंग्रजी वाक्यातला ‘तो’ कोण?



मागे एका रविवारी मिस्सानंतर एक युवक आईवडिलांसह भेटायला आला. परदेशातील नोकरीचा इंग्रजी करार त्याच्या हातात होता. त्यातल्या एका वाक्यावरून घरात वाद झाला होता : ‘द कंपनी विल पे द एअरफेअर अँड द मेडिकल एक्स्पेन्सेस व्हिच आर इन्कर्ड आफ्टर जॉइनिंग.’ वडील म्हणत, विमानाचे तिकीट कंपनी देणार. आई म्हणे, कामावर रुजू झाल्यानंतरचाच खर्च कंपनी देणार, म्हणजे जातानाचे तिकीट आपले. त्या तिकिटासाठी कर्ज काढायचे की नाही, हे या एका वाक्यावर ठरणार होते.

मी सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो आहे. तरी मलाही निकाल देता येईना. कारण ‘व्हिच’पासून सुरू होणारे शब्द फक्त औषधोपचाराच्या खर्चाला लागतात की तिकिटालाही, हे ते वाक्य सांगतच नव्हते. मी म्हटले, “बाळा, सही करू नकोस. आधी लेखी विचार.” उत्तर आले : जातानाचे तिकीट स्वतःचे. आईचे बरोबर निघाले! पण वडीलही चुकले नव्हते. वाक्यच दुतोंडी होते.

असे का होते? आपल्या मराठीची सोय इंग्रजीत नाही म्हणून. दोन उदाहरणे पाहू.

१. ‘जोसेफ गेव्ह पीटर हिज ब्रदर्स बाइक.’ गाडी कोणाच्या भावाची? मराठीत आपण ‘जोसेफने पीटरला आपल्या भावाची गाडी दिली’ असे म्हटले की भाऊ जोसेफचा. ‘त्याच्या भावाची’ म्हटले की बहुधा पीटरचा. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘हिज’!

२. ‘आय मेट द सन ऑफ द टीचर हू लिव्ज इन पुणे.’ पुण्यात कोण राहतो? मराठीत ‘पुण्यात राहणाऱ्या शिक्षकांचा मुलगा’ वेगळा आणि ‘शिक्षकांचा पुण्यात राहणारा मुलगा’ वेगळा. इंग्रजीत ‘हू’ आणि ‘व्हिच’ सहसा जवळच्या नामाला लागतात. पण नेहमीच लागतात असे नाही. शिवाय आपल्या ‘जो, जी, जे’प्रमाणे त्यांना लिंग-वचन नाही. त्यामुळे नाते ओळखायची ती खूण हाती राहत नाही.

यातूनच एक सोपी कसोटी मिळते. ही, शी, इट, धिस, हू, व्हिच यांपैकी शब्द आला की थांबा आणि ‘कोण? काय?’ असे विचारा. मग ते वाक्य मराठीत सांगून पाहा. एका इंग्रजी वाक्याची दोन मराठी वाक्ये होत असतील, तर तेथे धोका आहे असे समजा.

स्वल्पविरामाकडेही लक्ष असू द्या. मृत्युपत्रात ‘माय चिल्ड्रन हू लिव्ह विथ मी शॅल इनहेरिट द हाऊस’ असे लिहिले, तर माझ्याजवळ राहणाऱ्या मुलांनाच घर मिळेल. पण ‘हू लिव्ह विथ मी’ या शब्दांच्या आधी व नंतर स्वल्पविराम दिला, तर अर्थ होतो : सर्व मुलांना घर, आणि ती सर्व माझ्याजवळ राहतात. दोन टिंबांनी भावंडे कोर्टात जाऊ शकतात!

ही अतिशयोक्ती नव्हे. कॅनडात रॉजर्स व अलायंट या दोन कंपन्यांमध्ये खांबांवरून केबल नेण्याचा करार होता. मुदत पाच वर्षे, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षे, आणि एक वर्षाची नोटीस देऊन करार मोडण्याची मुभा. ही मुभा पहिल्या पाच वर्षांतही लागू होती की फक्त नंतरच्या मुदतींना? २००६ साली तेथील नियामक आयोगाने एका स्वल्पविरामाच्या आधारे ‘पहिल्या मुदतीतही’ असा निर्णय दिला. २००७ मध्ये कराराची फ्रेंच प्रत पाहून आयोगानेच तो फिरवला. प्रश्न लाखो डॉलरांचा होता. तेथे कोणाचेही इंग्रजी कच्चे नव्हते.

म्हणून आपल्यातील पुष्कळांना हे सांगावेसे वाटते की, इंग्रजी कागद समजला नाही तर खाली मान घालू नका. दोष नेहमी वाचणाऱ्याचा नसतो. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात नुकसान आहे. विचारलेले लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या.

आणि आपण स्वतः लिहिताना? ‘ही’ लिहून गोंधळ होत असेल तर सरळ नाव पुन्हा लिहा. वाक्य लांबले तर त्याची दोन करा. ‘वॉकिंग टू चर्च, द रेन बिगॅन’ असे लिहू नका. त्यात पाऊसच चर्चला चालत निघाल्यासारखा वाटतो!

मुलांसाठी गृहपाठ : ‘द मदर टोल्ड हर डॉटर दॅट हर सारी वॉज टॉर्न.’ फाटलेली साडी कोणाची? दोन्ही अर्थ मराठीत लिहा. मग गोंधळ उरणार नाही अशी दोन इंग्रजी वाक्ये करा आणि पुढच्या रविवारी मला दाखवा. आईवडिलांनीही शेजारी बसून प्रयत्न करावा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू